बांगडा बंद कोणी केला?

पत्र लिहिणाऱ्या ताई एकतीस वर्षांच्या असून डोंबिवलीला सासू-सासरे आणि पती यांच्यासह राहतात. माहेर सोलापूरचे, तिथे मटण-कोंबडी होत असे, मासे मात्र कधी नव्हते. सासर देवगडकडचे. दोन महिन्यांपूर्वी सहासष्ट वर्षांच्या सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि घरी सोडताना ‘तेलकट, तुपकट व मीठ कमी’ असे लिहून मिळाले. बांगडा हा तेलाचा मासा आणि कोळंबीत कोलेस्टेरॉल, असे ऐकून ताईंनी त्या दिवसापासून घरात मासे पूर्ण बंद केले. सासरे रोज संध्याकाळी ‘आज निस्त्याक काय?’, म्हणजे जेवायला मासे कोणते, असे विचारतात आणि दुधीची भाजी आहे हे कळले की अर्ध्या जेवणावरून उठतात. त्यांचे वजन चार किलो उतरले आहे. पती अधूनमधून गोठवलेल्या सॅमनचे तुकडे आणि माशाच्या तेलाच्या गोळ्या घेऊन येतात. ताईंना स्वतःला चौथा महिना चालू आहे. सासूबाई म्हणतात, बाळासाठी मासे खाल्लेच पाहिजेत आणि बाळंतपणानंतर मोरी हा मासा तर हवाच. आई फोनवर बजावते की मासे उष्ण असतात आणि त्यावर दूध प्यायले तर कोड उठते. शिवाय माशांत पारा असतो, असेही त्यांच्या वाचनात आले आहे. त्यांचा प्रश्न एवढाच आहे : मी कोणाचे ऐकू?

ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. डॉक्टरांनी मासे बंद करायला सांगितले, असे एक वाक्य मी त्यात शोधत होते आणि ते मला सापडले नाही. तेल, तूप आणि मीठ कमी करा, एवढेच त्या कागदावर आहे. मासे बंद करण्याचा निर्णय दवाखान्यात झालेला नाही, तो तुमच्या स्वयंपाकघरात झाला आहे. तो काळजीपोटी झाला, यात मला तिळमात्र शंका नाही. माणूस रुग्णालयातून परत आला की घरातल्या कर्त्या बाईच्या मनात जी भीती बसते ती काहीतरी वर्ज्य केल्याशिवाय शांत होत नाही, आणि ज्या पदार्थाशी आपली माहेरची ओळख नसते तो पदार्थ वर्ज्य करणे सर्वांत सोपे असते. तुम्ही मटण बंद केले असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. बांगडा बंद केलात, तिथे थोडी गल्लत झाली.

ही गल्लत ‘तेलाचा मासा’ या शब्दामुळे झाली आहे. तुम्ही सोलापूरच्या, तेव्हा रात्रीचा मटणाचा रस्सा सकाळी फ्रिजमधून काढल्यावर त्यावर थिजलेला पांढरा थर तुम्ही शंभर वेळा चमच्याने बाजूला केला असेल. ती संपृक्त चरबी, आणि रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवण्यात तिचा मोठा वाटा असतो. आता नारळ न घातलेले बांगड्याचे तिखले (तिखट, दाटसर कालवण) तसेच रात्रभर ठेवून पाहा. त्यावर तसा थर धरत नाही. माशाला थंड पाण्यातही हालचाल करायची असते, त्यामुळे त्याच्या अंगातले तेल गारठ्यातही पातळ राहणारे असते. त्यातच ओमेगा-३ गटातली ईपीए आणि डीएचए ही मेदाम्ले असतात. ती रक्तातील ट्रायग्लिसराइड ही चरबी कमी करायला मदत करतात. (कालवणात नारळाचा दाट रस असेल तर थर दिसेलही, पण तो नारळाचा, बांगड्याचा नव्हे, त्याकडे मी पुढे येते.) म्हणजे ज्या तेलामुळे तुम्ही बांगड्याला घराबाहेर काढलेत, नेमक्या त्याच तेलासाठी अमेरिकन हार्ट असोसिएशन आठवड्यातून दोनदा मासे खा आणि त्यातही तेलकट मासे निवडा, असे सांगते. एका वेळचे त्यांचे प्रमाण शिजलेल्या माशाचे सुमारे ८५ ग्रॅम इतके माफक आहे. एका मोठ्या किंवा दोन लहान बांगड्यांत ते भागते. आपल्याकडच्या घरांत बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे वार तसेही माशांसाठी ठरलेले असतात. त्यांतले दोन धरले की झाले, सोमवार-गुरुवारलाही धक्का लागत नाही.

इथे उत्साहाला थोडा लगामही घालायला हवा, कारण ‘मासे खा आणि हृदयविकार विसरा’ असे फलक लावणारे लोक आजकाल फार झाले आहेत. ओमेगा-३ची कीर्ती पसरली ती १९७०च्या दशकात, जेव्हा बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडमधील इन्युइट लोकांच्या रक्ताचा आणि आहाराचा अभ्यास केला. त्यांना हृदयविकार फारसा होतच नाही, हा त्या काळचा समज पुढे बराच डळमळीत झाला. गोळ्यांचे तर त्याहून स्पष्ट आहे : २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हायटल’ या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत सुमारे २६ हजार लोकांपैकी निम्म्यांना रोज एक ग्रॅम ओमेगा-३ देऊन पाच वर्षे पाहिले गेले, तेव्हा हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांच्या एकत्रित प्रमाणात ठळक फरक आढळला नाही. ट्रायग्लिसराइड फार वाढलेल्या काही रुग्णांना डॉक्टर अशी औषधे जास्त मात्रेत देतात, पण मोठ्या मात्रेने हृदयाचे ठोके अनियमित होण्याची शक्यता वाढते, असेही दिसून आले आहे. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवणारी औषधे बहुधा चालूच असतात. तेव्हा यजमानांनी आणलेली बाटली सासऱ्यांच्या पुढच्या तपासणीला बरोबर न्या, डॉक्टरांसमोर ठेवा आणि तोवर बंद ठेवा. ताटातल्या माशाचे मोल गोळीहून जास्त असते, त्यामागे एक साधे कारण हेही आहे की माशाबरोबर प्रथिने, बी-१२, ड जीवनसत्त्व, आयोडीन आणि सेलेनियम येते, आणि त्या वेळी ताटात दुसरे काहीतरी, बहुतेकदा जास्त जड असे, येत नाही.

सॅमनविषयी माझे मत विचाराल तर तो मासा वाईट नाही, त्यात ओमेगा-३ भरपूर आहे. पण तो परदेशातल्या मत्स्यशेतीतून बर्फात येतो आणि त्याच्या एका तुकड्याच्या पैशांत तुमच्या घरातल्या चौघांचे बांगडे येतील. आपल्याकडे महाग म्हणजे पौष्टिक, असे एक गणित नकळत मनात बसलेले असते. पाहुणे आले की पापलेट आणि घरच्यांना पेडवे, या रिवाजातूनच ते आले असावे. प्रत्यक्षात बांगडा, तारली, पेडवे हे स्वस्तातले मासे या बाबतीत पापलेटाला सहज मागे टाकतात. यजमानांना आणखी एक सांगा : हॉटेलच्या खाद्यपत्रिकेवर ‘इंडियन सॅमन’ असे छापलेले असते तो आपला रावस. रावस चवीला उत्तम, पण सॅमनशी त्याचे काही नाते नाही.

कोळंबीवरचा आरोप मात्र अर्धा खरा आहे. शंभर ग्रॅम कोळंबीत साधारण दीडशे ते दोनशे मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते, म्हणजे एका अंड्याच्या आसपास. पण तिच्यात एकूण चरबीच जेमतेम एक-दीड ग्रॅम आणि संपृक्त चरबी त्याहून नगण्य असते. बहुतेक माणसांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल अन्नातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त आणि वनस्पती तुपासारख्या ट्रान्स चरबीने जास्त वाढते. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील अभ्यासात काही निरोगी लोकांना रोज तीनशे ग्रॅम कोळंबी खायला घातली होती. त्यांचे वाईट कोलेस्टेरॉल सुमारे सात टक्के वाढले, पण चांगले कोलेस्टेरॉल बारा टक्के वाढले. तो अभ्यास लहान होता आणि त्यातली माणसे निरोगी होती, म्हणून सासऱ्यांना रोज कोळंबी घाला असे मी म्हणणार नाही. पंधरवड्यातून एकदा दुधी घालून केलेले कोळंबीचे कालवण त्यांनी खाल्ले तर आकाश कोसळणार नाही, असे मात्र म्हणेन. दुधीची त्यांची तक्रारही त्यात मिटेल.

जपायचे आहे ते मासा ज्यात बुडतो त्याला. रव्यात घोळवून तळलेला मासा तेल पितो आणि माशाचे हृदयाला होणारे बरेचसे हित तिथेच संपते. हीच गोष्ट नारळाची : मालवणी घरातल्या सुनेला नारळ कमी कर म्हणणे किती अवघड असते ते मी जाणते, परंतु नारळाची चरबी बहुतांशी संपृक्त असते आणि सासऱ्यांच्या ताटात तिला सध्या आवर हवाच. सुदैवाने त्यांच्याच गावाकडे यावर उत्तर आहे. बांगड्याचे तिखले नारळाशिवाय किंवा अगदी मूठभर नारळात होते. हळदीच्या पानात गुंडाळून तव्यावर भाजलेल्या बांगड्याला चमचाभर तेल पुरते. सुकी मासळी मात्र खरोखर बाजूला ठेवा. खारवलेला बांगडा, सुका बोंबील, सुकट यांत मीठ इतके असते की तुम्ही आमटीतले चिमूटभर मीठ वाचवून काही उपयोग राहत नाही, आणि भिजत घातल्याने ते सगळे निघत नाही. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते, तेव्हा घरोघरी सुक्याचे डबे उघडतात. त्या दोन महिन्यांत रोहू-कटल्यासारखे गोड्या पाण्यातले मासे आणा. त्यांत ओमेगा-३ कमी असते, पण प्रथिने उत्तम असतात.

आता तुमच्याविषयी. सासूबाई, आई आणि पाऱ्याचा तो लेख, या तिघांच्याही म्हणण्यात थोडेथोडे तथ्य आहे, म्हणूनच तुमची अशी ओढाताण झाली.

पाऱ्याची भीती खोटी नाही. जपानमधल्या मिनामाता इथे एका रासायनिक कारखान्याने खाडीत सोडलेल्या सांडपाण्यातून मिथाइल पारा माशांत उतरला आणि १९५६ साली त्यातून उद्भवलेला आजार उघडकीला आला. आईला फारशी लक्षणे नसतानाही गर्भातल्या मुलांच्या मेंदूला इजा झालेली तिथे दिसली. आपल्या रोजच्या माशांची स्थिती तशी नाही, पण तत्त्व तेच आहे. लहान मासा मोठ्याच्या पोटात जातो, मोठा त्याहून मोठ्याच्या, आणि प्रत्येक पायरीवर पारा साठत जातो; तो शिजवून किंवा धुऊन जात नाही. म्हणून प्रश्न ‘मासे की मासे नाहीत’ असा नसून ‘कोणता मासा’ असा आहे. अमेरिकेतील अन्न व औषध प्रशासन गर्भवतींना मासे टाळा असे सांगत नाही. उलट कमी पाऱ्याचे मासे आठवड्याला साधारण २२५ ते ३४० ग्रॅम खा, असे सांगते, कारण बाळाचा मेंदू आणि डोळ्यांचा पडदा घडायला डीएचए लागते. टाळायच्या यादीत शार्क, तलवार मासा, मार्लिन, मोठा बिगआय ट्यूना आणि किंग मॅकरेल आहेत. किंग मॅकरेल ही अटलांटिकमधली, पण आपल्या सुरमईच्याच कुळातली. तेव्हा मोठ्या सुरमईच्या जाड तुकड्या या काही महिन्यांत नकोत. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील, कोळंबी हे सारे लहान आणि कमी आयुष्याचे जीव आहेत; तुमचे ताट त्यांनी भरावे. मांदेली कुरकुरीत भाजून काट्यासकट खाल्ली तर थोडे कॅल्शियमही मिळते.

आणि शार्क म्हणजेच मोरी, म्हणजेच मुशी. सासूबाईंचा आग्रह कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. बाळंतिणीला मोरी दिली की दूध वाढते, अशी तिथली श्रद्धा आहे. मोरी छोटी असेल तर पारा कमी असणार हे खरे, परंतु मासळीवाली कापून देते तो तुकडा केवढ्या मोरीचा हे ताटात कळत नाही आणि अंगावर पाजतानाही ही काळजी घ्यायची असते. सासूबाईंना ‘तुमचे चुकते’ असे म्हणू नका. ‘मोरीऐवजी पेडव्यांचे कालवण आणि तिसऱ्या (खाडीतल्या शिंपल्या) द्या’ असे म्हणा. बाळंतिणीला मासे हवेत, हा त्यांचा मूळ मुद्दा बरोबरच आहे. तिसऱ्यांत तर बी-१२ जीवनसत्त्व विलक्षण प्रमाणात असते आणि लोहही असते. त्या पाणी गाळून जगतात, त्यामुळे गटाराचे पाणी मिसळणाऱ्या खाडीतल्या तिसऱ्या घेऊ नयेत, फुटक्या शिंपल्या आधीच टाकाव्यात आणि उकळल्यावरही ज्यांचे तोंड उघडले नाही त्या खाऊ नयेत. कच्चे कालव तर गरोदरपणात तोंडालाही लावू नका.

आईच्या म्हणण्यातली कोडाची गोष्ट निराधार आहे. मासे आणि दूध एकत्र आल्याने कोड होते याला वैद्यकशास्त्रात काहीच पुरावा नाही. बंगालमध्ये दह्यात मासा शिजवतात आणि युरोपात सायीत, पण त्यावरून तिथे कोणाला डाग उठत नाहीत. उष्णतेचे मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. बांगडा खाल्ल्यावर तोंड लाल झाले, अंगाला खाज सुटली, डोके ठणकले, असा अनुभव पुष्कळांना असतो आणि मग ‘मला बांगडा उष्ण पडतो’ असे ठरून जाते. बांगडा, तारली, ट्यूना यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य पुष्कळ असते. मासा बर्फाशिवाय तासन्‌तास पडून राहिला की जिवाणू त्याचे हिस्टामिन करतात आणि ते एकदा तयार झाले की कितीही उकळले तरी नष्ट होत नाही. म्हणजे अनेकदा दोष बांगड्याच्या स्वभावाचा नसून त्याच्या प्रवासाचा असतो. कोळंबी किंवा खेकडा खाल्ल्यावर मात्र दर वेळी अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, श्वास लागत असेल, तर ती खरी अॅलर्जी समजून तो पदार्थ कायमचा सोडावा आणि डॉक्टरांना भेटावे. तिथे प्रयोग करून पाहू नयेत.

अशाच पेचातल्या इतरांनाही दोन गोष्टी सांगते. ज्यांना युरिक अॅसिडचा किंवा गाऊटचा त्रास आहे त्यांना बांगडा-तारली बेतानेच मानवतात. त्यांनी डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे. आणि जे मासे खात नाहीत त्यांनी हे वाचून खायला लागण्याची गरज नाही. जवस आणि अक्रोड यांतही ओमेगा-३ असते, पण शरीर त्यातला फार थोडा भाग डीएचएमध्ये बदलू शकते. शाकाहारी गर्भवतींसाठी शेवाळापासून काढलेले डीएचए मिळते, ते घ्यायचे का हे आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे, आणि बी-१२ तपासून घ्यावे.

सासऱ्यांकडे पुन्हा येते, कारण मला तुमच्या पत्रात सर्वांत जास्त टोचला तो चार किलोंचा आकडा. दोन महिन्यांत न ठरवता इतके वजन उतरणे ही बाब डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवी. ती पुढच्या तपासणीपर्यंत लांबवू नका, फोन करा आणि त्याच वेळी ‘आठवड्यातून दोनदा न तळलेला मासा चालेल का?’ हेही विचारा. बहुतेक उत्तर ‘हो’ असेच येईल. मग तो निरोप सासऱ्यांना तुम्ही स्वतः सांगा. जन्मभर ज्या माणसाने घरात कोणता मासा यायचा हे ठरवले, त्याच्या ताटातून एका दुपारी तो नाहीसा झाला आणि त्याला कोणी काही विचारलेही नाही. भूक मरायला एवढेही पुरते.

येत्या बुधवारी सकाळी त्यांना घेऊनच बाजारात जा. डॉक्टरांनी चालायला सांगितलेच असेल, तेही होईल. तुम्हाला मासा पारखता येत नाही, असे तुम्ही पत्रात ओशाळून लिहिले आहे, तर त्यांना शिकवायला सांगा. ते अंगठ्याने बांगड्याचा कल्ला उचलून आतला लाल रंग दाखवतील, डोळा फुगीर आणि चकचकीत आहे का ते पाहायला सांगतील, पाठीवर बोट दाबतील आणि खड्डा भरून आला नाही तर मासळीवालीशी हुज्जत घालतील. बर्फावर ठेवलेलाच घ्या आणि घरी आल्याआल्या साफ करून फ्रिजमध्ये टाका. तिखल्यात तिरफळे घालताना आतल्या काळ्या बिया काढून टाका, त्या कडू असतात. टरफले तेवढी ठेचून घ्या. मीठ नेहमीच्या निम्मे, आणि सोले (कोकमे) थोडी जास्त, म्हणजे ते जाणवणार नाही.